जरा अ‍ॅडजस्ट करा!

गेल्या वर्षी मी चार ओळींची एक एसक्यूएल क्वेरी लिहिली. आजवर लिहिलेल्या सगळ्या कोडमध्ये मला सर्वांत जास्त लाज त्या चार ओळींची वाटते. त्यात बग नव्हता. क्वेरी बरोबर होती, उत्तरही बरोबर होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. वय अठ्ठावीस, बी. ई. कॉम्प्युटर, नोकरी पुण्यात. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा मशीनमधून सर्व्हरवर येतात, तिथून रेडिऑलॉजिस्टच्या स्क्रीनवर जातात, त्या बघून डॉक्टर रिपोर्ट देतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या बटणांपैकी काही माझ्या टीमने बनवलेली आहेत.

एका जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्पिटलकडून मेल आला. एका तरुण मुलाच्या छातीच्या एक्स-रेत न्यूमोथोरॅक्स होता, म्हणजे फुप्फुसाच्या बाहेर हवा साचली होती. दुपारच्या रिपोर्टमध्ये तो सुटला. रात्री मुलाला धाप लागली, ड्युटीवरच्या डॉक्टरने एक्स-रे पुन्हा उघडला, छातीत नळी घातली आणि मुलगा वाचला. मग चौकशी बसली. चौकशी समितीला एकच गोष्ट हवी होती: रेडिऑलॉजिस्ट बाईंनी तो एक्स-रे नेमका किती वेळ पाहिला?

आमचं सॉफ्टवेअर हे सगळं लिहून ठेवतं. मी क्वेरी चालवली. उत्तर आलं: दुपारी ३ वाजून ४१ मिनिटं, ५२ सेकंद. एक्सेलमध्ये टाकलं, पाठवलं, चहा प्यायला गेले. नंतर कळलं की चौकशीचा निष्कर्ष दोन शब्दांत आला, ‘मानवी चूक’. बाईंना लेखी समज मिळाली.

दोन महिन्यांनी व्हर्जन अपग्रेडसाठी मला त्याच हॉस्पिटलात जावं लागलं. रिपोर्टिंगची खोली पहिल्यांदाच बघत होते. पश्चिमेला खिडकी. काचेवर जुन्या एक्स-रे फिल्म चिकटवलेल्या, त्यातल्या दोन निघून पडलेल्या. छतावर ट्यूबलाइट, पण तिचं बटण बाहेर कॉरिडॉरच्या बटणाला जोडलेलं, त्यामुळे दिवसभर चालूच. टेबल सनमायकाचं, बाबू लोकांचं असतं तसं, मधोमध ड्रॉवर. त्या ड्रॉवरमुळे गुडघे आत जात नाहीत, म्हणून बाई तिरक्या बसायच्या. मेडिकल ग्रेडचा, लाखांतला मॉनिटर, आणि त्याच्याखाली उंचीसाठी कागदाच्या दोन रिमा. खुर्ची ‘हायड्रॉलिक’, पण तिचा दांडा तुटलेला, म्हणून सीटवर चादरीची घडी.

बाई म्हणाल्या, “तुमचा मॉनिटर छान आहे हो. फक्त तीननंतर मला त्यात माझाच चेहरा दिसतो.”

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन होत आले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि नमुन्यादाखल एक छातीचा एक्स-रे उघडला. न्यूमोथोरॅक्स बहुतेकदा वरच्या भागात, खांद्याच्या हाडाखाली, केसासारख्या एका रेषेने ओळखतात. रेषेच्या बाहेर फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्या दिसत नाहीत, नुसता काळोख असतो. स्क्रीनच्या नेमक्या त्या कोपऱ्यात खिडकीचं ऊन पडलं होतं. मला कॉलरबोनसुद्धा नीट दिसत नव्हतं.

माझ्या लॉगमध्ये वेळ होती, सेकंद होते, युजर आयडी होता. ऊन नव्हतं. ऊन साठवायला आम्ही कॉलमच ठेवलेला नाही.

हॉस्पिटलच्या प्रशासकांना मी खिडकीबद्दल बोलले. ते समजूतदारपणे हसले. “मॅडम, बिल्डिंग जुनी आहे. जरा अ‍ॅडजस्ट करायचं.”

*

मराठीत मुरलेल्या इंग्रजी शब्दांमध्ये ‘अ‍ॅडजस्ट’चा नंबर फार वरचा असेल. लोकलच्या बाकावरची चौथी सीट अ‍ॅडजस्ट, लग्नानंतर सुनेने अ‍ॅडजस्ट, भाड्याच्या खोलीत पाणी एक तास येतं तर अ‍ॅडजस्ट. इंग्रजीत खुर्ची, दिवा, टेबल अ‍ॅडजस्ट करतात. आपल्याकडे खुर्ची, दिवा, टेबल जागच्या जागी घट्ट असतात आणि माणूस अ‍ॅडजस्ट होतो. तो जितका जास्त वाकेल तितका ‘सोशिक’ म्हणून त्याचं कौतुक. ज्या कामात बघणाऱ्याच्या डोळ्यांवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्या कामात ही सवय घातक आहे. तिथे खुर्ची, टेबल आणि उजेड हे सुरक्षेचं साहित्य आहे, आणि त्याला ‘फर्निचर’च्या खात्यात टाकून आपण रोज जुगार खेळतो, एवढंच मला म्हणायचं आहे.

आधी उजेडाचं गणित. ऑफिसात सहसा ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. डायग्नोस्टिक स्क्रीन वाचायच्या खोलीत तो साधारण २५ ते ५० लक्स असावा असं रेडिऑलॉजीतली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पूर्ण अंधारही नको, कारण मग डोळे लवकर थकतात. आम्ही मॉनिटर डायकॉम मानकाच्या चौदाव्या भागाप्रमाणे कॅलिब्रेट करतो. हेतू असा की करड्या रंगाची प्रत्येक पायरी डोळ्याला सारख्या अंतराची वाटावी. पण काचेवर बाहेरचा उजेड पडला की सर्वांत आधी काळ्याजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात. म्हणजे ज्या छटांसाठी लाखांचा मॉनिटर घेतला, त्याच नेमक्या जातात. मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मात्र फाइलला नीट लावलेलं असतं.

मग थकवा. एलिझाबेथ क्रुपिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४० रेडिऑलॉजिस्ट, निम्मे अनुभवी आणि निम्मे शिकाऊ. हाडांचे ६० एक्स-रे, निम्म्यांत फ्रॅक्चर. एकदा कामाच्या दिवसाच्या सुरुवातीला दाखवले, एकदा दिवसभर रिपोर्टिंग करून झाल्यावर. दिवसाअखेर फ्रॅक्चर ओळखण्याची अचूकता घटली होती आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिरावण्याची डोळ्यांची ताकदही कमी झाली होती. ही सगळी माणसं शिकलेली, सावध, आपली परीक्षा चालू आहे हे ठाऊक असलेली होती. थकवा म्हणजे आळस नव्हे. डोळ्यांतल्या स्नायूंचं ते मोजता येणारं काम आहे.

सोनोग्राफीची गोष्ट तर आणखी वेगळी. हात अंगापासून लांब, हवेत, प्रोब दाबून धरलेला, मान स्क्रीनकडे वळलेली, दुसरा हात बटणांवर. हे करून बघा, पाच मिनिटं. परदेशात हे काम मुख्यतः सोनोग्राफर म्हणवणारे तंत्रज्ञ करतात, आणि त्यांच्यातले बहुसंख्य अंग दुखत असतानाच स्कॅन करतात असं तिथल्या पाहण्यांत वारंवार दिसलं आहे. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे गरोदर बाईची सोनोग्राफी डॉक्टरलाच करावी लागते, आणि प्रत्येकीचा फॉर्म एफसुद्धा भरावा लागतो. कायदा हवाच. पण त्या डॉक्टरच्या खांद्याचं काय, हे कोणी विचारलं? रुग्णाची खाट वर-खाली होणारी असेल आणि डॉक्टरचं स्टूल सरकणारं असेल, तर हात अंगाजवळ राहतो. बहुतेक ठिकाणी लाकडी किंवा लोखंडी खाट असते आणि तिच्याशेजारी एक पायरी. पायरी रुग्णासाठी. डॉक्टरने अ‍ॅडजस्ट करायचं.

*

माझे बाबा एका औष्णिक वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. शिफ्ट ड्युटी, तीस वर्षं. लहानपणी मला वाटायचं की मानेचा पट्टा हा युनिफॉर्मचाच भाग आहे, कारण बाबांच्या बरोबरच्या तीन काकांकडेही तो होता.

बाबांनी पॅनेलवरच्या एकसारख्या दिसणाऱ्या नॉबना वेगवेगळ्या रंगांच्या इन्सुलेशन टेप गुंडाळल्या होत्या. रात्री तीन वाजता, हूटर वाजत असताना, कुठला नॉब कुठल्या पंपाचा हे वाचायला वेळ नसतो, हात आपोआप जायला हवा. एकदा कोणी मोठे साहेब पाहणीला येणार होते. आदल्या दिवशी आदेश आला: पॅनेल कंपनीकडून आलं तसं दिसलं पाहिजे, टेप काढा. टेप काढल्या. साहेब आले, फोटो झाला, साहेब गेले. बाबांनी टेप परत लावल्या. ही गोष्ट ते विनोद म्हणून सांगतात आणि प्रत्येक वेळी एकटेच हसतात.

कॉलेजात असताना मला कळलं की अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्रातल्या ऑपरेटरांनी हेच केलं होतं. दोन शेजारच्या, एकसारख्या लिव्हरवर त्यांनी बिअरच्या नळाच्या वेगवेगळ्या मुठी बसवल्या होत्या. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. अल्फॉन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये पाहिलं तर दोन्हींची बटणं सारखी आणि शेजारी-शेजारी. त्याने चाकांच्या बटणाला चाकाचा आकार आणि फ्लॅपच्या बटणाला फ्लॅपचा आकार सुचवला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरच्या टोकाला छोटं चाक असतं. त्याआधी या अपघातांना नाव काय होतं? वैमानिकाची चूक.

२८ मार्च १९७९, पहाटे चार. थ्री माइल आयलंडची अणुभट्टी. पहिल्या काही मिनिटांतच शंभरहून अधिक अलार्म वाजले. एक झडप उघडीच अडकली होती, पण पॅनेलवरचा दिवा झडप प्रत्यक्षात बंद झाली का हे सांगतच नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. आपत्कालीन पाणीपुरवठ्याच्या झडपा बंद असल्याचं दाखवणारा एक दिवा देखभालीच्या कामाच्या टॅगमागे झाकला गेला होता, आणि त्या झडपा बंद आहेत हे कळायला आठ मिनिटं लागली. गळती ओळखायला ज्या टाकीची माहिती उपयोगी पडली असती, तिचे मीटर पॅनेलच्या मागच्या बाजूला होते. ऑपरेटरांनी चुका केल्याच. पण केमेनी आयोगाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात कंट्रोल रूमच्या रचनेवरही बोट ठेवलं.

२३ मार्च २००५, टेक्सास सिटीची रिफायनरी. १५ माणसं मेली, १८० जखमी झाली. टॉवरमध्ये द्रव किती जातोय हे एका स्क्रीनवर आणि बाहेर किती येतोय हे दुसऱ्या स्क्रीनवर. बोर्डवरच्या ऑपरेटरची बारा तासांची सलग २९वी ड्युटी होती. १९९४ साली वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. मी स्वतः नोटिफिकेशन लिहिते. ११ मिनिटांत २७५ हा आकडा वाचल्यापासून माझा हात प्रत्येक पॉप-अपआधी थबकतो.

या अपघातांतून जग काही शिकलं. नियंत्रण कक्षांसाठी आयएसओ ११०६४ हे मानक आलं, त्याचा पहिला भाग २००० साली. त्यात टेबलाची मापं आहेत, पडदे आणि नियंत्रणं आहेत, उजेड-आवाज-तापमानही आहे, आणि ही सगळी चर्चा बांधकामाच्या आराखड्यापासून सुरू करा असं सांगितलं आहे. युरोपात स्क्रीनसमोर काम करणाऱ्यांसाठी १९९० पासून स्वतंत्र निर्देश आहेत. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यातही कलम ४४ होतं, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असं सांगणारं. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्यांना बसायचा हक्क मिळावा म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा बदलला. तो हक्क मिळवायला बायका भांडल्या, त्यांना माझा सलाम. आता पुढचा प्रश्न विचारायची वेळ आली आहे: बसवलंत, पण कशावर?

*

याच्यावर जी उत्तरं मिळतात ती मला आता पाठ झाली आहेत.

पहिलं, पैसे कुठून आणायचे. सीटी मशीन कोटींत येतं. स्मार्ट सिटीच्या योजनेत उभ्या राहिलेल्या एका शहराच्या कमांड सेंटरमध्ये माझा कॉलेजचा मित्र काम करतो. तिथे भिंतभर व्हिडिओ वॉल आहे आणि तिच्यासमोर पाहुण्यांसाठी काचेची गॅलरी. मित्र आणि त्याचे सहकारी प्रत्यक्षात आपापल्या टेबलावरच्या दोन मॉनिटरांवर काम करतात. वॉल इतकी उंच आहे की तिच्याकडे पाहायचं तर मान मागे टाकावी लागते. एसी यंत्रांच्या सोयीने लावलेला, म्हणून नाइटला सगळे कानटोपी घालून बसतात. ती खोली पाहुण्याच्या नजरेने बांधली आहे. तिथे रोज आठ तास बसणारा माणूस हा त्या फोटोतला एक्स्ट्रा आहे. पैसे नव्हते असं कोणी म्हणू नये. पैसे होते, ते भिंतीकडे गेले.

साधा हिशोब बघा. ऑफिसची खुर्ची दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे २,००० तास वापरली जाते. कंट्रोल रूमची खुर्ची तीन शिफ्टमध्ये, वर्षाचे ३६५ दिवस: ८,७६० तास. ऑफिसच्या खुर्चीची चार वर्षं तिची एका वर्षात संपतात. शिवाय त्या खुर्चीत एका दिवसात तीन वेगवेगळ्या उंचीची, वजनाची माणसं बसतात. म्हणून ब्रिटनमध्ये २४ तास वापराच्या खुर्च्यांसाठी वेगळं मानक केलं गेलं. आपल्या टेंडरमध्ये लिहिलेलं असतं ‘रिव्हॉल्व्हिंग चेअर, उत्तम दर्जाची’, आणि मग सर्वांत कमी बोली लावणारा जिंकतो. सहा महिन्यांत दांडा तुटतो. चादरीची घडी येते.

दुसरं उत्तर, ‘आपले लोक जमिनीवर बसून जगले, कोणाची पाठ दुखली?’ दुखली. माझ्या आजीची दुखायची, ती सांगत नसे. पण तेही सोडा. जमिनीवर बसणारा माणूस दर थोड्या वेळाने मांडी बदलतो, एक पाय पुढे घेतो, उठतो, पाणी पितो. कंट्रोल रूममधला माणूस शिफ्टभर एका पडद्याला बांधलेला असतो. त्याचं काम हलण्याचं नाही, लक्ष देण्याचं आहे. ही दोन बसणी एका तराजूत तोलता येत नाहीत.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे, आणि ते मी स्वतःच देते: महागडी खुर्ची आणली म्हणून प्रश्न सुटत नाही. बारा तास बसायला सुरक्षित अशी खुर्ची जगात कोणी बनवलेली नाही. एकच आदर्श बैठक अशीही काही नसते, शरीराला बदल लागतो. बाजारात जाळीची पाठ लावलेल्या प्रत्येक खुर्चीवर हल्ली ‘एर्गोनॉमिक’ लिहितात, आणि रेसिंग गाडीच्या सीटची नक्कल करून तिला गेमिंग चेअर म्हणतात. गाडीची ती सीट वळणावर माणूस घसरू नये म्हणून दोन्हीकडून आवळणारी असते. टेबलाशी बसलेल्या माणसाला कुठलं आलंय वळण? तेव्हा खुर्ची हा मालकाचा बहाणाही होऊ शकतो: चांगली खुर्ची दिली ना, आता बस सलग २९ दिवस. माणसं पुरेशी नेमणं, मध्ये विश्रांती देणं, हे आधी. पण रेडिऑलॉजिस्ट कमी आहेत म्हणून आहे त्या बाईंना उन्हात बसवा, हे त्यावरचं उत्तर कसं होईल? माणूस कमी असेल तर आहे तो जास्त जपायला हवा.

आणि ‘सगळ्यांना चालेल अशी’ खुर्ची? १९५० साली अमेरिकन हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांच्या मापांतून दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती हे मोजलं. उत्तर होतं शून्य. सरासरी माणसासाठी बनवलेलं कॉकपिट कोणासाठीच बनलेलं नव्हतं, म्हणून मापं बदलता येणाऱ्या सीट आल्या. भारतीय शरीरांची मापं नाहीत ही सबबही चालणार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीय मापांचं पुस्तक १९९७ मध्येच छापलं आहे. ते मी जन्मले त्याच सुमाराचं आहे. इतकी वर्षं ते टेंडर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर का पोचलं नाही?

*

आता माझ्याकडे वळते, नाहीतर हे सगळं भाषण होईल.

२०२० च्या लॉकडाउननंतर आमच्या कंपनीने सगळ्यांना खुर्चीसाठी भत्ता दिला. माझ्याकडे जाळीच्या पाठीची, हातांची उंची बदलणारी, कमरेला आधार देणारी खुर्ची आहे. मी कधीही उठू शकते, बाल्कनीत जाऊ शकते, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून आडवी होऊ शकते. माझी चूक झाली तर तिकीट पडतं. ज्या बाईंची चूक झाली तर कोणाच्या तरी छातीत रात्री नळी घालावी लागते, त्या चादरीच्या घडीवर बसतात. ही विषमता मला त्या दिवसापर्यंत दिसलीच नव्हती. आमच्या इन्स्टॉलेशनच्या यादीत सर्व्हरच्या खोलीचं तापमान होतं, यूपीएस होता, केबलची लांबी होती. माणूस बसणार कुठे, हा रकाना नव्हता. सर्व्हरला किती गरम होतं याची काळजी आम्ही घेतली होती.

आणि ती क्वेरी. निघताना मी बाईंना सांगून टाकलं की तुमचे ५२ सेकंद मीच काढून दिले होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, तुला विचारलं ते तू दिलंस. खिडकीबद्दल कोणी विचारलंच नाही.” त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे त्यांनी स्वतःच्या पैशाने खिडकीला जाड काळा पडदा लावला. १,८०० रुपये, शिलाईसकट. पैसे नाहीत म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी हा आकडा मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जिथे नजर चुकली तर जीव जाऊ शकतो, तिथली खुर्ची, टेबल, दिवे आणि पडदे यंत्राच्या खर्चात धरा, फर्निचरच्या नव्हे. खोली ताब्यात घेताना उजेड मोजा, आणि तो सकाळी अकराला नाही तर दुपारी साडेतीनला मोजा. खरेदीआधी एक नमुना आणा आणि तिथे बसणाऱ्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच माणसाला त्यात एक पूर्ण शिफ्ट बसू द्या. ऑपरेटरने टेप लावली असेल तर ती काढू नका, ती का लावली हे विचारा. आणि चौकशीच्या कागदावर ‘मानवी चूक’ लिहिण्याआधी तीन रकाने सक्तीने भरा: किती तास काम झालं होतं, उजेड किती होता, माणूस कशावर बसला होता. ते रकाने भरल्यावरही चूक माणसाचीच निघाली तर खुशाल तसं लिहा.

माझ्यापुरतं मी दोन गोष्टी सुरू केल्या. इन्स्टॉलेशनच्या यादीत मी एक पान वाढवलं: खिडकीची दिशा, लक्स, टेबलाखाली गुडघ्यांना जागा, खुर्चीची स्थिती. आणि वापराचा लॉग कोणी मागितला तर तो त्या पानासकटच द्यायचा, असा प्रस्ताव ठेवला. सेल्सवाल्यांनी ते पान दोनदा काढून टाकलं. मॅनेजर म्हणाले, “क्लायंटला त्याच्या घरातलं दाखवलं की तो चिडतो. जरा अ‍ॅडजस्ट कर ना.” मी तिसऱ्यांदा पान घातलं आहे. मेलमध्ये चौघांना सीसी ठेवलं आहे. बघू.

हा लेख तुम्ही बहुधा मान खाली घालून मोबाइलवर वाचत आहात. मान वर करा, जरा उठून या. तुम्हाला ते शक्य आहे. पुढच्या आठवड्यात माझं दुसऱ्या एका गावात इन्स्टॉलेशन आहे. लॅपटॉपच्या बॅगेत मोजपट्टी आणि लक्समीटर टाकला आहे. अपॉइंटमेंट सकाळची होती, मी ती मागून दुपारी साडेतीनची करून घेतली.